मिस डॉब्स आणि पेपरमिंटचं तेल

मिस डॉब्स कुणाच्याही घरी गेल्या की आधी भिंतीशी हात मिळवायच्या, मग माणसांशी. डावा पंजा पसरून भिंतीवर टेकवायचा, डोळे मिटायचे, मग तोच हात नाकाशी नेऊन हुंगायचा. डॉक्टर लहान मुलाच्या पाठीवर हात ठेवून कफ किती आहे ते बघतात ना, तसं. आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी हे सगळं साग्रसंगीत केलं, आणि मी, नव्या कोऱ्या वॉलपेपरची मालकीण, मनात म्हटलं, म्हातारी वेडी दिसतेय.

वेडी मी होते. पण ते कबूल करायला मला वर्ष लागलं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात. विमानतळाजवळचं, हाउन्सलोच्या आसपासचं एक उपनगर. नाव मुद्दाम सांगत नाही, घेतलं की माझं ब्लडप्रेशर चढतं. आमचे हे एअरपोर्टच्या कार्गोत कामाला. मी सव्वीस वर्षांची, पुण्याची, बी.ए. झालेली, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेली. कडेवर आठ महिन्यांची मीना. आम्हाला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, भाड्याचं घर मिळालं होतं, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बांधलेल्या लाल विटांच्या रांगेतलं, टोकापासून दुसरं. टोकाचं मिस डॉब्सचं.

पंचाहत्तरीच्या बाई. उंच, हाडकुळ्या, पायात पुरुषी बूट. कार्डिगनच्या एका खिशात टॉर्च, दुसऱ्यात घडीची फूटपट्टी आणि एक छोटा आरसा. तो आरसा तोंड बघायला नाही, पाइपच्या मागची बाजू बघायला. लग्न केलेलं नव्हतं. त्या काळी कौन्सिलच्या नोकरीत बाईनं लग्न केलं की नोकरी गेली. त्या सांगायच्या, नवरा की ड्रेन, दोन्हीतलं एकच मिळणार होतं. दोन्ही नीट तपासून पाहिली आणि ड्रेन निवडलं.

कारण त्या सॅनिटरी इन्स्पेक्टर होत्या. आमचं हे उपनगर उभं राहत होतं तेव्हापासून, अख्ख्या ऑफिसात एकट्या बाई. दुसऱ्यांच्या संडासांत डोकावणं, गटारांची झाकणं उघडणं, ढेकूण मोजणं, यात त्यांची पस्तीस वर्षं गेली. हे मला कळलं त्या दिवसापासून मी त्यांच्याकडचा चहा प्यायचं बंद केलं. म्हणजे कप हातात घ्यायचे, थँक यू म्हणायचे, आणि त्या बिस्किटं आणायला आत वळल्या की खिडकीतल्या जिरेनियमच्या कुंडीत ओतायचे. सातासमुद्रापार आले, विमानात बसले, फ्रिज घेतला, इंग्रजी पेपर वाचायला लागले, पण सोवळं मात्र बॅगेच्या तळाशी घडी करून बरोबर आणलं होतं. आज त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

मिस डॉब्स बोलायला लागल्या की सुरुवात शांतपणे व्हायची आणि पाचव्या वाक्याला मानेवरची शीर उभी राहायची. त्यांचा राग जुना होता, पण शिळा नव्हता. बाथटबचा किस्सा तर त्यांनी मला दहादा सांगितला असेल. लंडनच्या कोंदट वस्त्या पाडून माणसं या नव्या घरांत आणली गेली तेव्हाचा. आधी त्यांचं सामान एका बंद गाडीत घालून ढेकणांसाठी औषधाचा धूर द्यायचे, आणि बायका फुटपाथवर उभ्या राहून बघायच्या, आपली गादी, आपलं कपाट, शेजारपाजारच्यांसमोर. नव्या घरात बाथटब होता. कौन्सिलच्या कमिटीतले साहेब लोक हसून म्हणायचे, यांना बाथ कशाला देता, त्यात कोळसा भरून ठेवतील.

"मी एकेक बाथ जाऊन बघितला," मिस डॉब्स म्हणायच्या. "एका बाथमध्ये कोळसा होता. एका. त्या घराचा नळ बिल्डरनं चार महिने जोडलाच नव्हता. बाथमध्ये पाणीच येत नाही तर बाई काय त्यात गुलाब लावणार होती?"

मी मान डोलवायचे आणि जिरेनियमला चहा पाजायचे.

आता वासाचं. त्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघराला वास यायला लागला. सिंकच्या कोपऱ्यात जमिनीवर अंथरलेलं लिनोलियम कायम ओलसर. मीना नुकती रांगायला लागली होती आणि तिला नेमका तोच कोपरा आवडायचा. फरशीवर थापट्या मारायच्या आणि बोटं तोंडात घालायची. तिला जुलाब सुरू झाले. आठवडाभर बरी, पुन्हा जुलाब. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन आहे, बाळाला तिखट देता का? वजनकाट्यावर तिचा आकडा महिनाभर तिथेच, मग खाली. मांड्यांची कातडी लोंबायला लागली. तो चेहरा मला अजून आठवतो, आठ-नऊ महिन्यांच्या पोरीचा म्हातारा चेहरा.

मी कौन्सिलला पत्र लिहिलं. मिस्टर पिम नावाचे इन्स्पेक्टर आले. तिशीचे, गुळगुळीत दाढी, हातात क्लिपबोर्ड. दारातच थबकले, नाक वर केलं, आणि हसून विचारलं, आज काय शिजतंय? मी म्हटलं, आमटी. त्यांनी लिहून घेतलं. ओल्या कोपऱ्याकडे वाकून बघितलंसुद्धा नाही. मी त्यांना चहा दिला, चकली दिली, आणि वासाबद्दल तीनदा सॉरी म्हटलं. माझ्याच घरात, माझ्याच आमटीबद्दल.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. घरातील दुर्गंधी व ओल ही भाडेकरूंच्या स्वयंपाकाच्या व राहणीच्या सवयींमुळे असून दुरुस्तीची आवश्यकता नाही. खाली सही. फाइल बंद.

कुणालाही वाटेल की मी भडकले असेन. छे. मी लाजले. फोडणी बंद केली. हिंगाचा डबा चार प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून शेडमध्ये ठेवला. जानेवारीत खिडक्या उघड्या टाकून बटाटे उकडत बसले. लॅव्हेंडरचा स्प्रे मारून मारून आमच्या ह्यांना शिंका सुरू झाल्या. आणि वास तसाच. त्याला लॅव्हेंडरची जोड मिळाली, एवढंच.

मिस डॉब्स एक दिवस आल्या, भिंतीला हात लावला, कोपऱ्यात गुडघे टेकून लिनोलियमचं टोक उचललं, हुंगलं. मग म्हणाल्या, पत्र दाखव. पत्र वाचताना त्यांचे ओठ पांढरे पडले. 'सवयींमुळे' या शब्दावर बोट ठेवून त्यांनी तो तीन-चारदा वाचला. मला वाटलं चष्मा विसरल्या.

"वास खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. "लिहून घेणारा बोलतो."

त्यांची युक्ती जुन्या कामातली होती. आमच्या रांगेचं ड्रेन सामाईक, त्यांच्या घरापासून सुरू होऊन सगळ्यांच्या स्वयंपाकघरांखालून जाणारं. त्यांच्या संडासात पेपरमिंटचं तेल ओतायचं, वर बादलीभर कढत पाणी. ड्रेन धड असेल तर वास पाइपातून पुढे निघून जाईल. फुटकं असेल तर तो आमच्या सिंकखालून वर येईल. नियम एकच: तेल ओतणाऱ्यानं तिथून हलायचं नाही. त्या तेलाचा वास कपड्यांना, केसांना, कातडीला धरतो. तोच माणूस दुसऱ्या घरात शिरला की परीक्षा संपली.

तेल महाग होतं, बाटली इवलीशी. मी सुचवलं, हिंग वापरू या, वेम्बलीला ईलिंग रोडवरच्या भारतीय दुकानांत किलोनं मिळतो. शेडमधला डबा आणून दाखवला. मिस डॉब्सनी झाकण उघडून एकदाच हुंगलं आणि डोळे पुसत म्हणाल्या, याचा वास चंद्रावर जाईल हे खरं, पण पिमला असा वास हवाय ज्याचं खापर तुझ्यावर फोडता येईल. आपल्याला असा हवा की जो तुझ्या डब्यात कधीच नव्हता.

पिमसाहेबांना बोलावलं. साक्षीदार कौन्सिलचाच हवा होता. मिस डॉब्स त्यांच्याबरोबर आमच्या स्वयंपाकघरात उभ्या राहणार, आणि ओतणार मी, कारण बादली उचलून जिना चढणं त्यांच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं. मला त्यांनी तीनदा बजावलं: दार लावून आत बसायचं, अर्धा तास, काही झालं तरी बाहेर यायचं नाही.

मी ओतलं. तेलाचे चार थेंब माझ्या साडीवर, निम्मं मनगटावर. दार लावून बसले. दुसऱ्याच्या संडासात, कमोडच्या झाकणावर, पदर आवरून. पाच मिनिटं गेली. आणि माझ्या मनात काय आलं असेल? की मिस्टर पिम आपल्या घरी आलेत आणि त्यांना कुणी चहा विचारला नाही.

शप्पथ सांगते, दुसरं काही नाही. साहेब घरी येऊन पाण्याशिवाय उभे आहेत, हे माझ्यातल्या सदाशिव पेठेला सहन होईना. मी हात साबणानं स्वच्छ धुतले, म्हणजे झालं असं वाटलं मला, आणि मागच्या दारानं घरी जाऊन गॅसवर किटली ठेवली. स्वयंपाकघरात पेपरमिंटचा नुसता लोट.

पिम पोट धरून हसले. म्हणाले, मिसेस केळकर, वास तुम्ही स्वतःच घेऊन आलात की. चहा मात्र प्यायले. दोन चमचे साखर.

ते गेल्यावर मिस डॉब्स खुर्चीवर बसल्या. माझ्याकडे न बघता, टेबलाकडे बघत बोलल्या.

"माझा चहा तू कुंडीत ओततेस. मला कळत नाही असं वाटलं तुला? माझा जिरेनियम मेला."

मी पिमचा उष्टा कप उचलून सिंकमध्ये ठेवला.

"मी आयुष्यभर घाणीला हात लावला म्हणून माझा चहा तुला चालत नाही. आणि तो माणूस तुला लेखी घाणेरडी म्हणतो, तर त्याच्यासाठी तू पळत येऊन किटली ठेवतेस. तुझी मुलगी त्या कोपऱ्यात झिजतेय, कुमुद. तू नक्की कुणाला घाबरतेस?"

उठून गेल्या. दारही आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. मी त्या स्वयंपाकघरात उभी, अंगाला पेपरमिंटचा वास, वरच्या खोलीत मीना रडतेय, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला खरा राग आला. आधी स्वतःचा. मग पिमचा आला, आणि तो आला तो पुन्हा गेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले, चहा मागितला आणि त्यांच्यासमोर प्यायले. भयंकर होता. पाणचट, कोमट. इतके दिवस मी सोवळ्यापायी काय गमावत होते म्हणाल, तर काहीच नाही.

पिम पुन्हा यायला तयार नव्हते. फोनवर उत्तर ठरलेलं: परीक्षा झाली, निकाल लागला. मग मिस डॉब्सनी मला आणि मीनाला घेऊन कौन्सिलचं ऑफिस गाठलं. काउंटरवरच्या मुलीनं बसायला सांगितलं. बसलो. दोन तास बसलो. मीनाला जुलाब झाले. मी उठून बायकांच्या खोलीकडे निघाले तशी मिस डॉब्सनी माझा दंड धरला.

"तिकडे कुठे? इथे छान रुंद काउंटर आहे."

स्वतः पुढे झाल्या, फॉर्मांचा गठ्ठा बाजूला सारला, टॉवेल अंथरला. मी मीनाचं लंगोट त्या काउंटरवर बदललं. सावकाश, अगदी नीट, घडी घालून. रांगेतली माणसं खिडकीकडे सरकली. काउंटरवरच्या मुलीनं नाकाला रुमाल लावला तेव्हा मिस डॉब्स तिला गोड आवाजात म्हणाल्या, घाबरू नकोस, ही आमटी नाहीये.

पिम दुसऱ्याच दिवशी सकाळी हजर.

या वेळी ओतायला मिस डॉब्स स्वतः गेल्या. आमच्या ह्यांनी बादली वर नेऊन ठेवली आणि सरळ कामावर निघून गेले, घरात पाऊल टाकलं नाही. मी आणि पिम स्वयंपाकघरात, खिडक्या बंद, गॅस बंद. चहा नाही, चकली नाही. ते घड्याळ बघत होते, मी त्यांच्या नाकाकडे बघत होते. सात-आठ मिनिटं झाली असतील. सिंकच्या कोपऱ्यातून, त्या ओलसर लिनोलियमखालून, थंडगार, गोडसर वास वर आला. आधी पुसट, मग असा की डोळ्यांना झोंबावा. पिमनी खिशातून रुमाल काढला.

मी म्हटलं, "आमटीत आम्ही पेपरमिंट घालत नाही, मिस्टर पिम. लिहून घ्या."

ते माझं त्या देशातलं पहिलं वाक्य ज्यात सॉरी नव्हतं.

आठवड्यानं कामगार आले. आम्ही मीनाला घेऊन वरच्या खोलीत राहिलो आणि खाली फरशी उखडली गेली. मिस डॉब्स खुर्ची टाकून खड्ड्याच्या काठावर बसल्या, टॉर्च घेऊन. पिमही क्लिपबोर्ड घेऊन आले, तशी मी मीनाला कडेवर घेऊन बघायला खाली उतरले. मातीचे जाड पाइप, एकात एक बसवलेले. सांधा सिमेंटनं बुजवायचा असतो. मुकादमानं पहिला सांधा साफ केला, बोट घातलं, आणि बोटाबरोबर सगळं बाहेर आलं. सिमेंट नव्हतंच. नुसती चिकणमाती थापलेली. दुसरा सांधा, तोच प्रकार. तिसरा, तोच. पन्नास वर्षं घाण थेंबथेंबानं सगळ्या रांगेच्या पायांखाली मुरत होती.

पिमना हायसं वाटलेलं दिसत होतं. बिल्डर मेला असणार, जुनं बांधकाम आहे, वयोमानानं नादुरुस्त असं लिहितो, म्हणाले.

"वयोमानानं नाही," मिस डॉब्स म्हणाल्या. "वय माझंही झालंय. मी गळत नाहीये." कामगार हसले. त्या हसल्या नाहीत. "ही रांग पास कोणी केली ते लिहा."

पिम म्हणाले, इतके जुने कागद आता कुठे असणार.

"मी केली."

मग त्यांनी सांगितलं, खड्ड्याकडे बघतच. नोकरीला सहा महिने झाले होते. बिल्डर कमिटीतल्या कुणाचा तरी मेव्हणा. वरिष्ठांनी शुक्रवारी संध्याकाळी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, या रांगेची परीक्षा नको, कुटुंबं खोळंबलीत, त्यांचं सामान धूर देऊन तयार आहे. मिस डॉब्सनी सही केली. एकट्या बाई, नोकरी टिकवायची होती. दोन उन्हाळ्यांनंतर चौथ्या घरातली दीड वर्षाची मुलगी जुलाबानं गेली. आयव्ही तिचं नाव. रिपोर्टात लिहिलं गेलं, आईच्या सवयींमुळे.

"तो रिपोर्ट मी लिहिला नव्हता," मिस डॉब्स म्हणाल्या. "पण मला त्या आईकडे पाठवलं होतं. मुलगी जाऊन चार दिवस झाले होते. मी तिला हात कसे धुवायचे ते शिकवून आले."

मुकादमानं टोपी काढली, पुन्हा घातली.

मी त्यांना मिठी मारली, असं लिहिलं तर छान दिसेल. नाही मारली. मी मीनाला घेऊन वर निघून गेले. मला त्यांचा संताप आला होता. माझी पोर ज्या घाणीत रांगत होती तिच्यावर यांची सही होती, आणि रोज माझ्यासमोर बसून त्या बाथटबचे किस्से सांगत होत्या. चार दिवस मी त्यांच्याकडे फिरकले नाही.

नंतरचं थोडक्यात सांगते. त्या वर्षी अख्खी रांग खणून नवे पाइप घातले. मीनाचं वजन महिन्याभरात वाढायला लागलं. आज ती इतकी धडधाकट आहे की मला उलट उत्तरं देते. काही महिन्यांनी कौन्सिलचं एक पत्र आलं, मागील पत्रातील सवयींविषयीचा उल्लेख वगळण्यात येत आहे. दिलगिरीचा शब्द नाही. मिस डॉब्स पुढे मिल्टन कीन्सला भाचीकडे राहायला गेल्या आणि नव्वदच्या दशकात तिथेच वारल्या. भाचीनं कार्ड पाठवलं, तेव्हा कळलं. मी त्यांना माफ केलं का, हे मला कुणी विचारलं तर मी विषय बदलते. त्यांनी ते कधी मागितलंही नाही.

पण त्यांची आठवण आली की डोळ्यांसमोर येतो तो त्या चार दिवसांनंतरचा सोमवार. मी प्रॅम घेऊन दुकानातून परत येत होते. मिस डॉब्स बसस्टॉपवर उभ्या, चांगला कोट, हॅट, शेजारी भाजी आणायची चाकांची ट्रॉली. ट्रॉली एका बाजूला कलली होती. झाकणातून मातीच्या पाइपचं तोंड बाहेर आलेलं, त्याला अजून ती चिकणमाती चिकटलेली. पिमनी त्यांचं नाव लिहायला नकार दिला होता. कशाला उगाच जुनं उकरता, म्हणाले होते. म्हणून त्या स्वतः निघाल्या होत्या, तो सांधा कौन्सिलच्या काउंटरवर ठेवायला आणि आयव्हीच्या रिपोर्टासकट सगळं सांगायला.

मी विचारलं, येऊ का बरोबर?

"नको," म्हणाल्या. "तुझं काम झालं. हे माझं आहे."

बस आली. ट्रॉली पायरीवर चढेना. ड्रायव्हर उठून खाली आला, दोन्ही हातांनी उचलली आणि कण्हत म्हणाला, बाई, काय भरलंय यात?

"माझी सही," मिस डॉब्स म्हणाल्या, आणि दांडा धरून वर चढल्या. पुढच्याच सीटवर बसल्या, ट्रॉली गुडघ्यांमध्ये धरून, डावा पंजा पसरून तिच्या झाकणावर दाबलेला. माझ्याकडे बघितलं नाही. बस वळेपर्यंत समोर बघत होत्या, मानेवरची शीर उभी.